दगडाखालचा कोळसा

‘सदर इसमाचे म्हणणे हितसंबंधी असल्याने विश्वासार्ह वाटत नाही.’

हे वाक्य माझं आहे. ऐंशीच्या दशकात मी चंद्रपूर जिल्ह्यात भूमापक होतो. तेव्हा एका पंचनाम्याच्या शेवटी ते मी निळ्या शाईने लिहिलं, खाली सही केली आणि कागद वाळायला धरला. तो कागद अजून कुठल्या तरी दप्तरात बांधलेला असेल. ज्या माणसाबद्दल ते लिहिलं, त्यांचं नाव सोमाजी. अख्खा गाव त्यांना सोमाजीभाऊ म्हणायचा. मी पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि त्या वाक्याखाली दुसरं वाक्य लिहायचं इतकी वर्षं टाळत आलो आहे. आता लिहितो. पण त्याआधी माणूस कसा होता ते सांगायला हवं.

सावलीच्या पुढे, वैनगंगेच्या अलीकडे, धानाच्या मुलखात ते गाव आहे. नाव देत नाही, कारण या हकिगतीतल्या लोकांची नातवंडं तिथे नांदताहेत. मी साताऱ्याकडचा. पहिल्यांदा त्या गावात गेलो तो पौषात, धान कापून शेतं मोकळी झाल्यावर. मोजणीचा हंगाम तोच. तिपाई रोवली, तिच्यावर फळा बसवला, फळ्यावर कागद ताणला, वर नेम धरायची पट्टी ठेवली, तेवढ्यात एक उंच, वाळका, साठीचा माणूस बांधावरून चालत आला. खांद्यावर लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, डोक्याला पांढरा दुपट्टा. नमस्कार नाही, ओळख नाही. फळ्याभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि वाकून खालूनही बघितलं.

“साहेब, हे काय पाहते?”

“समोरचा दगड. याच्यावरून रेघ मारायची.”

“समोरचं पाहते. मांगचं पाहते का?”

“मागचं म्हणजे?”

“मंजे धुरा पयले कुठी होता थे.”

दोन शेतांमधल्या बांधाला तिकडे धुरा म्हणतात. मी म्हणालो, यंत्राला मागचं दिसत नाही. सोमाजीभाऊंनी मान हलवली. एखाद्या आजारी माणसाची चौकशी करून वाईट वाटावं तशी.

त्यानंतरच्या दोन दिवसांत त्यांनी मला विचारलेल्या प्रश्नांचं एक पुस्तक झालं असतं. उत्तर दिशा नेहमी कागदाच्या वरच्या बाजूलाच का? नदी वाकडी आणि शीव सरळ, असं कसं? मोजणीची साखळी उन्हात लांबते का? नकाशात झाड का नाही, विहीर का आहे? मला आधी राग यायचा, मग लक्षात आलं की यातला एकही प्रश्न मला येत असलेल्या उत्तराचा नव्हता. उन्हात साखळी लांबते, हे मला शिकवलेलं होतं. किती लांबते, हे मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी बघितलं. सकाळी धुऱ्यावर दोन खुंट्या ठोकून साखळी लावली, भर दुपारी पुन्हा लावली, आणि गव्हाच्या दाण्याएवढा फरक मला बोटाने दाखवला. चेहरा असा, की जणू साखळीने त्यांना काहीतरी खाजगी सांगितलंय.

बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात त्यांनी बरीच वर्षं काम केलेलं. गावी परतून दोन बांध्या कसायचे. बांधी म्हणजे धानाचा, चारी बाजूंनी बांध घातलेला तुकडा. माझा गावनकाशा त्यांनी हातात घेतला तो आधी उन्हाकडे धरला.

“हा बांबूचा नोहय. जुना हाय. चिंध्यायचा.”

मग उलटा केला, सुलटा केला, आणि स्वतःचं घर शोधायला लागले. सापडलं. तिथे बारीक अक्षरात त्यांच्या वस्तीचं जुनं, जातीचं नाव छापलेलं होतं. त्यांनी ते बोट ठेवून वाचलं.

“हे आता बौद्धवाडी हाय.”

“नकाशा जुना आहे, भाऊ.”

“हव. म्हनूनच सांगून राह्यलो.”

एवढंच. कागद घडीवर घडी घालून परत दिला. माझ्याही हातून त्या घड्या इतक्या नीट पडत नसत.

गावातले धुऱ्याचे तंटे त्यांच्याकडे येत. आमच्या कार्यालयात अर्ज करून मोजणी यायला दोन हंगाम जात, आणि आम्ही येऊन खुणा करून गेलो की दुसऱ्या दिवशी त्या खुणा उपटलेल्या असत. सोमाजीभाऊंनी लावलेल्या खुणा राहत. हे कसं, याची मला उत्सुकता होती. एकदा शेजारच्या गटाची मोजणी चालू असताना ते बघायला मिळालं.

किसन आणि परसराम, दोघे शेजारी. दरवर्षी नांगरताना एक-एक तास, म्हणजे नांगराची चरी, धुऱ्यात घुसवत दोघांनी मिळून तो इतका पातळ केला होता की त्यावर पाय ठरत नव्हता. त्यावर तूर लावायची कोणी, यावरून काठ्या निघाल्या होत्या. सोमाजीभाऊंनी किसनला परसरामच्या शेतात बसवलं आणि परसरामला किसनच्या. स्वतः मधे, धुऱ्यावर, खाटेवर.

“किसना, परसरामचं काय म्हननं हाय थे सांग.”

“त्याचं कायचं म्हननं, भाऊ. थो चोर हाय.”

“हे तुझं झालं. मी त्याचं पुसून राह्यलो.”

किसन बराच वेळ ढेकळं फोडत बसला. “थो म्हनते का मी दरसाल एक तास जास्त मारतो.”

“परसराम, पुरं सांगतलं का यानं?”

“नाई जी. माहा बैल मेला त्या साली हा वखर देतो म्हने आन् देल्ला नाई. थे काऊन नाई सांगत?”

“किसना, बैलाचं सांग.”

“बैलाचा न् धुऱ्याचा काय संबंध, भाऊ?”

“मले का मालूम. त्याले हाय वाटते. तू सांग.”

हे दुपारपर्यंत चाललं. नियम असा की आपल्या शेजाऱ्याची बाजू त्याचं समाधान होईल इतकी नीट सांगता आल्याशिवाय सब्बल उचलायची नाही. शेवटी किसनने परसरामची बाजू अशी काही रंगवली की त्याची बायको पाठीमागून म्हणाली, “मंग चूक तं तुमचीच दिसते बाप्पा.” सगळे हसले. परसरामही हसला, आणि मग त्याला किसनची बाजू सांगणं भाग पडलं.

त्यानंतर सब्बल. ती ते जोरात मारत नसत. हातभर अंतराने टोचत जात आणि कान देत. एका जागी थांबले. खणलं. दीड हातावर काळं लागलं. कोळसा, आणि कवेलूचे, म्हणजे कौलाचे, दोन तुकडे.

“येनाचा कोळसा,” ऐनाच्या लाकडाचा तो तुकडा बोटात चुरडून ते म्हणाले. “आमच्या आज्यानं टोपल्यात वाह्यला. इंग्रजाच्या बंदोबस्ताची मोजनी झाली तवा मुनशी पुढं, आजा मांगं. दगड गाडाच्या आंदी खाली कोळसा टाकत. दगड कोनी बी हलवते. कोळशाचं ध्यान कोनाले राह्यते?”

कोळसा कुजत नाही, किडत नाही, हे मला नंतर जुन्या नियमपुस्तकातही सापडलं. पण शिकवलं नव्हतं कोणी. कुठल्या दगडाखाली तो आहे आणि कुठल्या नाही, हे सोमाजीभाऊंना वडिलांनी शीव चालता चालता सांगितलं होतं.

खणलेलं सगळ्यांनी बघितल्यावर त्यांनी कोळसा जसाच्या तसा परत पुरला. मग कमरेची पिशवी सोडली, तंबाखू-सुपारीचा खर्रा काढला आणि किसन-परसरामला एकाच पुडीतून दिला. तंटा मिटेपर्यंत ती पुडी ते उघडत नसत. चार चार तास तलफ दाबून बसलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिला आहे.

आणि ती खाट. ती दोन्ही पक्षांनी मिळून उचलून आणायची, हा दुसरा नियम. मी एकदा विचारलं, खाट कशाला, धुऱ्यावर बसता येतंच की.

“आमच्या बाले बी बलावत,” ते म्हणाले. “धुरा दाखवाले. दूर उभा राहून दाखवे. हारला थो बाले मारे, जितला थो सूपभर धान फेके. दीक्षा घेतली तवा बानं हे काम सोडलं. मी बी सोडलं. मंग लोक डोके फोडाले लागले. तवा म्हटलं, दाखवतो. पन खाटीवर बसून दाखवतो, तुमच्याच लोट्यातलं पानी पेतो, आन् घरी जातो. धान नोको.”

हे सांगताना आवाजात राग नव्हता. साखळीच्या दाण्याएवढ्या फरकाबद्दल बोलत तसेच बोलले.

आता मैनाबाईच्या शेताकडे यायला हवं.

मैनाबाई गोंड समाजातली विधवा. गावाच्या टोकाला, जंगलाला लागून तिच्या तीन बांध्या. मुलगा नव्हता, एक लेक होती. शेजारी नत्थूजी, बऱ्यापैकी शेतीवाला. दोघांच्या मधे एक बोडी, म्हणजे शेतातलं लहान तळं. बोडीचं पाणी ज्या तोंडातून खाली सुटायचं ते तोंड नेमकं हद्दीच्या कोपऱ्यावर होतं. कोपऱ्याचा दगड जिथे आहे तिथेच खरा असेल, तर तोंड नत्थूजीचं. मैनाबाई म्हणायची, बोडी दुरुस्त केली तेव्हा नत्थूजीच्या वडिलांनी दगड अकरा हात सरकवला. पाणी कोणाचं एवढाच प्रश्न होता, पण धानाच्या मुलखात पाणी नसलेली बांधी म्हणजे नुसती जमीन. नत्थूजी सोमाजीभाऊंसमोर बसायला तयार झाला नाही. त्याने सरकारी मोजणी मागितली. मी गेलो.

असा कोपरा तपासायचा तर दोन पक्क्या दगडांवरून मोजावं लागतं. एक रस्त्याकडेचा, दुसरा नाल्यापलीकडे जंगलात. पहिल्या दिवशी रस्त्याकडून मोजलं. जुळलं. सोमाजीभाऊ बघत होते.

“दगड आडवा सरकला असन तं इकडून जुळनच, साहेब. जंगलाकडून पाहा लागन.”

“उद्या बघतोच आहे.”

“नाईतं खोदून पाहू ना जी. एका घडीचं काम.”

नत्थूजी मधे पडला. दगडाला शेंदूर लावलेला होता. “त्याले हात नोको लावू, भाऊ. देव झाला आता थो.”

“देव होवो ना. देवाच्या खाली काय हाय थे पाहू.”

लोक हसले. नत्थूजी हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि माझा साखळीवाला जंगलाकडे निघालो. गावात मळणी चालू होती, सोबत कोणी आलं नाही. नाल्याच्या वाळूत वाघाचे पंजे उमटलेले होते. ताजे; कडेची वाळू अजून ढासळत होती. साखळीवाला थांबला. मीही थांबलो. गावात परत जाऊन चार माणसं घेऊन येता आलं असतं. त्याची मला लाज वाटली. मोहाच्या झाडाखाली तासभर बसलो, आणि जुन्या नकाशावरून जो आकडा यायला हवा होता तो काढून मी टिपणवहीत लिहिला. न मोजता. साखळीवाला दुसरीकडे बघत राहिला.

परतलो तेव्हा बोडीच्या पाळीवर पंच बसले होते. मैनाबाई लेकीसोबत उभी होती.

“तिकडून बी जुळलं?” सोमाजीभाऊंनी विचारलं.

“जुळलं.”

त्यांनी दगडाकडे बघितलं, जंगलाकडे बघितलं. मग अकरा हात चालत गेले, नत्थूजीच्या बांधीत थांबले आणि सब्बल उभी धरली. “साहेब, तुमचं खोटं नसन. पन माह्या बानं मले ही जागा दाखोली हाय. एक घाव मारू द्या. नाई निंगालं तं मी घरी जातो.”

एक घाव. त्याखाली काय निघेल हे त्या क्षणी मला कळलं होतं. म्हणूनच मी ओरडलो. सरकारी कामात अडथळा आणू नका, असं काहीतरी. नत्थूजीने संधी साधली. “भाऊचं बोलनं कायचं धरता, साहेब. थे तिचं वावर ठेक्यानं करून राह्यले.”

मी ते खरं आहे का, विचारलं नाही. नव्हतं, हे नंतर कळलं. मला त्या वेळी ते हवं होतं. पंचनाम्यात वाक्य लिहिलं आणि रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं. सोमाजीभाऊंनी पूर्ण ऐकलं. ‘हितसंबंधी’ हा शब्द त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावला.

“मंजे मले त्याच्यात काई भेटनार हाय, असं?”

“तसा अर्थ आहे.”

“हं,” ते म्हणाले, आणि सब्बल खांद्यावर घेऊन गेले. मैनाबाई लेकीला म्हणाली, “चाल माय.” त्या संध्याकाळी सोमाजीभाऊंच्या कमरेची ती पुडी उघडली गेली नसणार.

त्यानंतर त्यांना कोणी बोलावेनासं झालं. मी लिहिलेलं वाक्य गावात पाठ झालं होतं. ज्याला निकाल नको असेल तो म्हणे, भाऊबद्दल तर साहेबानंच लिहून दिलंय. काठ्या पुन्हा निघाल्या. आमच्याकडे त्या एका गावातून अर्जांची रीघ लागली, आणि कारकुनाला वाटलं लोक जागरूक झाले. मैनाबाईच्या दोन बांध्यांत धान येईना. ती तिथे कमी पाण्यावर येणारी लाखोळी टाकायची.

दोन वर्षांनी पाटाच्या मोजणीसाठी मी पुन्हा त्या गावात गेलो. दुपारी जीप रस्त्यावर ठेवून, कोणाला न सांगता बोडीकडे गेलो. का गेलो ते नक्की सांगता येत नाही. मी तिथे पोचून पाच मिनिटं झाली नसतील, सोमाजीभाऊ धुऱ्यावरून येताना दिसले. खांद्यावर सब्बल होतीच. जास्त वाळले होते.

“जीप दिसली,” ते म्हणाले. “म्हटलं साहेब इकडंच येतीन.”

मी त्यांच्याकडून सब्बल मागून घेतली. अकरा हात मोजले. खणलं मीच. माती कडक होती, मला सवय नव्हती, दोनदा घसरली. दीड हातावर काळं लागलं. कोळसा, आणि कवेलूचा तुकडा.

सोमाजीभाऊ उकिडवे बसले. कोळसा उचलला, चुरडला, हुंगला. त्यांचा चेहरा उजळला होता. माझ्यावर जिंकल्याचा आनंद तो नव्हता.

“बा बरोबर होता,” ते म्हणाले. “दोन साल झाले साहेब, मले वाटे बाच चुकला असन. नाईतं मीच चुकीचं ध्यानात ठेवलं. कागद तं जुळला होता.” त्यांचा हात कमरेच्या पुडीकडे गेला. गाठ अर्धी सुटली. मग थांबून त्यांनी विचारलं, “पन मंग जंगलाकडून कसं जुळलं? हे मले समजून राह्यलं नाई. रोज इचार करतो. तुमी सांगा.”

इतक्या साध्या उत्सुकतेने मला कोणी कधी काही विचारलं नाही. साखळी उन्हात लांबते का, हे विचारलं होतं त्याच आवाजात.

मी म्हणालो, “साखळी जुनी होती, भाऊ. ताणली असेल.”

त्यांनी विचार केला. खरंच केला, ओठ हलले, बोटांवर काहीतरी धरलं.

“साखळी तानली असन तं दोन्हीकडं तानन ना, साहेब.”

त्यांनी पुडीची गाठ पुन्हा बांधली. कोळसा खड्ड्यात ठेवला, कवेलू त्यावर ठेवला, माती लोटली, तळहाताने थापटली.

इथे ते दुसरं वाक्य लिहितो. जंगलातल्या दगडापासून मी मोजलं नव्हतं. सदर इसम सोमाजी यांचे म्हणणे खरे होते व त्यांचा त्यात कोणताही हितसंबंध नव्हता. हे मी त्या दिवशीही लिहू शकलो असतो. चुकीचा अहवाल वरिष्ठांकडे देता येतो, फेरमोजणी होते. मैनाबाईने तोवर शेत विकलं नव्हतं. पुढच्या वर्षी नत्थूजीला देऊन ती गडचिरोलीकडे भावाच्या गावी गेली, असं मला बदलीच्या ठिकाणी कळलं.

पण मी तिथे, त्या धुऱ्यावर, नुसता उभा होतो. सोमाजीभाऊंनी सब्बल घेतली.

“नकाशात आकडा किती हाय? जंगलाकडचा?”

मी सांगितला. तो मला पाठ होता. त्यांनी मनात त्याची पावलं केली आणि आत्ताच थापटलेल्या मातीवर टाच टेकवून, जंगलाकडे तोंड करून उभे राहिले.

“तिकडे वाघ आहे, भाऊ,” मी म्हणालो.

ते वळले. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. यंत्राभोवती पहिल्या दिवशी फेरी मारली होती, तसं, सगळ्या बाजूंनी.

“हव,” ते म्हणाले. “तवा बी होता.”

मग पुन्हा तोंड फिरवून चालायला लागले. सरळ, एकसारखी पावलं, मोठ्याने मोजत. एक, दोन, तीन. नाल्यात उतरले तेव्हा चाळीसच्या पुढे गेले होते. पलीकडे सागाच्या झाडांत पांढरा दुपट्टा दिसेनासा झाला, तरी आकडे ऐकू येत होते, घाई न करता, न चुकता.

ते दगडापर्यंत पोचून परत येईपर्यंत मी थांबलो नाही.